डॉक्टरांना नाही कसं म्हणू?

"ताई, माझं वय ३४. नऊ वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ओलान्झापिनची गोळी चालू आहे. कानात ऐकू यायचे ते आवाज आता जवळजवळ येत नाहीत. दादाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, हिशोब बघतो. पण अंगात कायम मरगळ असते, कशात मन लागत नाही, वजनही खूप वाढलंय. मध्ये दोनदा गोळ्या सोडल्या होत्या, दोन्ही वेळा ॲडमिट व्हावं लागलं. आता पुण्याच्या आमच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलंय. चालू गोळी हळूहळू बंद करायची, मग सहा महिने एक तर नवी गोळी, नाहीतर तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही कळणार नाही म्हणे. तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचे पैसे मिळणार. मला भाग घ्यावासा वाटतो. आजवर सगळ्यांनी माझं केलं, आता माझाही कोणाला उपयोग व्हावा. दादा म्हणतो, वेड्याच्या सहीला काय किंमत, त्या सहीवर कंपन्या पैसे कमावतात. आणि डॉक्टरांनी माझ्यासाठी इतकं केलंय की त्यांना नाही म्हणायची हिंमत होत नाही. पुढच्या महिन्यात कागद द्यायचेत. काय करू?"

– एक वाचक, कराड

नमस्कार,

आधी दादांच्या बोलण्याचं बघू, कारण ते तुमच्या मनाला लागलंय. तुमच्या सहीला किंमत नाही हे कायद्याला मान्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणालाही 'बुद्धी ठिकाणावर नसलेला' ठरवता येत नाही. तसं ठरवायचंच झालं तर ते कोर्टाने ठरवावं लागतं. सांगितलेलं समजतं का, निर्णयाचे परिणाम काय होतील याचा अंदाज येतो का, आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवता येतं का, हे बघायचं असतं. निर्णय घरच्यांना चुकीचा वाटला म्हणून त्या माणसाची निर्णय घेण्याची क्षमताच नाही असं धरायचं नाही, हेही त्याच कायद्यात वेगळं लिहून ठेवलंय. संशोधनासाठी कलम ९९ आहे. औषध द्यायचं असो की नुसत्या मुलाखती घ्यायच्या असोत, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची स्वतःची, कोणाच्याही दबावाशिवाय, समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि ती संशोधन चालू असताना कधीही मागे घेता येते. एखादा माणूस त्या वेळी संमती देण्याच्या अवस्थेतच नसेल, तर नातेवाइकाची सही घेऊन भागत नाही, राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमचा प्रश्न तो नाही. दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्या आणि इतकं नेटकं पत्र लिहिणाऱ्या माणसाची सही त्याचीच.

दादांना धसका बसलाय तो मात्र उगाच नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी इंदूरमधल्या चाचण्यांवरून देशभर गदारोळ झाला होता. आपण चाचणीत आहोत हेच रुग्णांना धड माहीत नव्हतं, अशा तक्रारी होत्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१३ मध्ये नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये नवी औषधं व चाचण्यांसाठी सबंध नवी नियमावली आली. त्यामुळे दादांवर चिडू नका. त्यांनी शब्द वाईट वापरले, पण काळजी खरी आहे.

आता माझं मत. या चाचणीत तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं.

कारण एकच आहे, पण मोठं आहे. ही चाचणी तुमच्या हातातलं चालू असलेलं औषध काढून घेते. तुमच्या बाबतीत गोळी सुटली की काय होतं हे तुम्हाला दोनदा कळून चुकलंय. तुमच्यापुरता तो अंदाज नाही, अनुभव आहे. आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, जवळपास साडेसहा हजार रुग्णांचा. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं. तुमच्या वाट्याला कुठली गोळी येईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. ते डॉक्टरांच्या हातात नाही, तुमच्या तर नाहीच. नऊ वर्षांनी आवाज शांत झालेत, दुकानात जागा आहे, हिशोब तुमच्याकडे आहे. हे सगळं पणाला लावावं इतकी या चाचणीकडून तुम्हाला मिळणारी गोष्ट मोठी दिसत नाही.

याचा अर्थ चाचणी वाईट किंवा डॉक्टर वाईट, असं मुळीच नाही. बिनऔषधाची गोळी का देतात हेही समजून घ्या, म्हणजे मनात किंतु राहणार नाही. या आजारात लोक नुसत्या देखरेखीनेही काही प्रमाणात सुधारतात. अमेरिकेत झेनोमेलिन आणि ट्रॉस्पियम या दोन औषधांच्या जोडगोळीची याच आजारावर चाचणी झाली. आजार बळावलेल्या २५२ लोकांना पाच आठवडे रुग्णालयात ठेवलं होतं. लक्षणांचे गुण औषधवाल्यांत सरासरी २१ ने उतरले, आणि औषध न मिळालेल्यांतही जवळपास १२ ने उतरले. दोन्हींतला फरक मोजता आला म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे त्या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर दोनच महिन्यांत एम्राक्लिडिन नावाच्या दुसऱ्या औषधाचे निकाल आले. त्यावर सगळ्यांच्या आशा होत्या, पण ते बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तुलना केली नसती तर हे औषधही गुणकारी म्हणून लाखो लोकांच्या पोटात गेलं असतं. तेव्हा पद्धतीत खोट नाही. प्रश्न एवढाच की औषध काढून घेतलेलं कोणाला सोसेल आणि कोणाला नाही. तुम्हाला ते सोसत नाही, हे दोनदा दिसलंय.

आणखी एक गोष्ट कागदावर लिहिलेली असते, पण मनात उतरत नाही. मी काही वर्षं एका नैतिकता समितीवर, म्हणजे चाचण्यांत रुग्णांचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीवर, सामाजिक कार्यकर्ती म्हणून बसत होते, तिथे हे वारंवार जाणवायचं. आपले डॉक्टर चाचणीत आहेत म्हटल्यावर रुग्णाला वाटतं, ते माझ्यासाठी सर्वांत योग्य तेच करणार. चाचणीत तसं नसतं. मात्रा आधीच ठरलेली असते, ती कधी वाढवायची, कधी नाही, सोबत दुसरी कुठली गोळी चालेल, हे सगळं आराखड्यात लिहिलेलं असतं. तपासणीला गेलात की गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या परत द्याव्या लागतात, उरलेल्या गोळ्या मोजून वहीत लिहिल्या जातात. रक्त घेतात, ईसीजी काढतात. मग एक जण समोर बसून अर्धा-पाऊण तास विचारत राहतो. गेल्या आठवड्यात आवाज आले का? कोणी पाठलाग करतंय असं वाटलं का? घरच्यांशी बोललात का, की खोलीतच बसून होतात? तीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते सात गुण. माणूस अगदी आपुलकीने विचारत असतो, पण त्याचं काम तुम्हाला बरं करणं हे नसतं. तुमची अवस्था अचूक टिपणं हे त्याचं काम. ते महत्त्वाचंच आहे, फक्त ते उपचार नव्हेत.

म्हणूनच आपल्याच डॉक्टरांनी चाचणीत बोलावलं की मामला नाजूक होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात २००३ मध्ये असाच एक तरुण चाचणीत घेतला गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टरच चाचणीचे प्रमुख होते, आणि उपचार मान्य केले नाहीत तर सक्तीने रुग्णालयात ठेवू असा कोर्टाचा आदेश त्याच्या डोक्यावर होता. त्याची आई पुन्हा पुन्हा लिहून कळवत राहिली की मुलाची तब्येत बिघडतेय. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या मुलाने आत्महत्या केली. आईने त्यानंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये त्या राज्यात कायदाच झाला की अशा आदेशाखाली असलेल्या रुग्णाला औषधाच्या चाचणीत घेता येणार नाही. २०१५ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला आणि विद्यापीठाला मनोविकारांच्या औषधचाचण्यांत नवे रुग्ण घेणं थांबवावं लागलं. तुमचे डॉक्टर तसे आहेत असं मी सुचवत नाही. तुमच्यावर सक्ती कोणाचीच नाही. पण भीड हीसुद्धा एक सक्तीच असते, आणि आपल्याकडे डॉक्टरांसमोर ती फार असते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आता नाही कसं म्हणायचं, हा तुमचा खरा प्रश्न. साधं बोला. "सर, कागद वाचले. मला संशोधनात मदत करायची इच्छा आहे, पण गोळी बंद करायची मला भीती वाटते. मागे दोनदा ॲडमिट झालो होतो. या वेळी नको." एवढं पुरे. कारणं देत बसायची गरज नाही आणि माफी तर अजिबात मागू नका. नकार दिला म्हणून तुमचे नेहमीचे उपचार अडणार नाहीत, हे तुम्हाला दिलेल्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असेल. ते पान शोधा, खाली रेघ मारा आणि कागद सोबत न्या. समोरासमोर बोलणं जमणार नाही असं वाटलं तर चार ओळी लिहून न्या आणि त्या त्यांच्या हातात द्या. चांगल्या डॉक्टरला रुग्णाच्या नकाराचा राग येत नाही. उलट तुम्ही आपल्या आजाराकडे इतक्या जागरूकपणे बघता याचं त्यांना समाधानच वाटेल.

'माझाही कोणाला उपयोग व्हावा' हे तुमचं वाक्य मला फार आवडलं, आणि ते या एका नकाराने संपत नाही. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये त्याची चाचणी झाली ती तीन-तीन औषधांनीही गुण न आलेल्या २६८ लोकांवर. सहा आठवड्यांत क्लोझापिनवाल्यांपैकी ३० टक्के सुधारले, जुन्या औषधावरचे फक्त ४ टक्के. रक्तातल्या पेशींना असलेल्या धोक्यामुळे मागे पडलेलं ते औषध रक्ताच्या तपासण्यांची अट घालून परत वापरात आलं. आज ते आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि कितीतरी घरांत त्याच्यामुळे माणूस पुन्हा जेवायला पंगतीत बसतो. हे त्या २६८ जणांचं देणं आहे. त्यांना तिथे गमावण्यासारखं फार नव्हतं, मिळण्यासारखं होतं. तुमचं तसं नाही, एवढाच फरक.

तुमच्या मरगळीवरही चाचणी झालीय, आणि ती कोणालाही औषधाविना न ठेवता. २०१७ मध्ये युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. आवाज, संशय शांत झालेत पण उत्साह, इच्छा, माणसांत मिसळणं हरवलंय, अशा ४६१ लोकांना घेतलं. जुनं औषध हळूहळू बदलून निम्म्यांना कॅरिप्राझिन हे औषध दिलं, निम्म्यांना रिस्पेरिडोन हे दुसरं. २६ आठवडे. बिनऔषधाची गोळी कोणालाच नव्हती. कॅरिप्राझिन थोडं उजवं ठरलं, फार नाही. हे औषध आपल्याकडेही मिळतं. म्हणजे चाचणीत न जाता, पुढच्या ओपीडीत तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता: माझ्या मरगळीसाठी ओलान्झापिनची मात्रा किंवा औषध बदलून बघता येईल का? वजन आणि साखरेचं काय करायचं? हे प्रश्न तुम्ही त्यांना कधी विचारलेत का, ते पत्रातून कळत नाही. वजन वाढणं हा ओलान्झापिनचा ठाऊक असलेला परिणाम आहे, तुमच्या आळसाचा नाही. मरगळसुद्धा बरेचदा आजाराचाच भाग असते. कोणी आळशी म्हटलं तर मनावर घेऊ नका. बदल करायचा तो मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, सावकाश, आणि दुकानात फार धावपळ नसेल अशा दिवसांत.

आणि सगळ्या चाचण्या गोळ्यांच्याच असतात असंही नाही. तुमच्या सातारा जिल्ह्यातच एक महत्त्वाची चाचणी झालीय. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम, अशा तीन ठिकाणी २८२ लोक त्यात होते. काहींना फक्त दवाखान्यातले नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांकडे, त्या उपचारांच्या जोडीला, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे. गोळ्या नीट घेतल्या जातायत का ते बघायचं, घरच्यांना आजार समजावायचा, कामधंद्याला लागायला हात द्यायचा, असं ते काम. २०१४ मध्ये निकाल आले. रोजचे व्यवहार जमण्यात घरभेटीवाल्यांना थोडा जास्त फायदा झाला, सगळीकडे सारखा नाही. अशा अभ्यासांत चालू गोळी सोडावी लागत नाही. मुलाखतींचे अभ्यास असतात, कुटुंबांचे असतात, चालू औषधाला जोड म्हणून नवं औषध देऊन बघायच्या चाचण्याही असतात. तुमच्यासारख्या माणसाने यांचा विचार जरूर करावा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून काम करते, तिथे रुग्ण आणि नातेवाईक दोघांनाही आधारगट आहेत. अनुभवी माणसांशी बोला. नुकतं निदान झालेल्या एखाद्या पोराला तुम्ही नऊ वर्षांत काय शिकलात ते सांगणं हाही उपयोगच आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पुढे कधी दुसरी चाचणी समोर आली तर सही करण्याआधी काही गोष्टी बघून घ्या. भारतातली औषधाची चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा, नेटवर टाकून बघा, ती सगळ्यांना खुली आहे. नोंद सापडली नाही तर पुढे बोलूच नका. माझी चालू गोळी राहणार की जाणार, हे सर्वांत आधी विचारा. माझा आजार उलटायला लागला तर ते कोण ओळखणार, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, आणि मला लगेच माझं जुनं औषध परत मिळेल का, हे त्यानंतर. उत्तर "काळजी करू नका, आम्ही आहोत" असं आलं तर ते उत्तर नव्हे. माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. उपलब्ध असलेले नेहमीचे उपचार न देता बिनऔषधाची गोळी दिली आणि त्यातून इजा झाली, तर तीही यात धरली जाते. भरपाईचा मजकूर तुमच्या कागदात कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगा. चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरलं तर मला ते मिळत राहील का, हेही विचारा, कारण सहा महिन्यांनी बरं वाटत असताना पुरवठा थांबला तर ते फार जड जातं. माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा मराठीत हवं. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याजवळ राहायला हवी. आणि नैतिकता समितीचा फोन नंबर त्यात असतोच. तो शोभेसाठी नसतो. शंका असेल तर खरंच फोन करा, डॉक्टरांना कळेल याची काळजी करू नका.

जाण्यायेण्याचे पैसे मिळणं योग्यच आहे, त्यात संकोच नको. पण पैशासाठी किंवा फुकट तपासण्यांसाठी चाचणीत जाऊ नका. साखर, चरबी, ईसीजी या तपासण्या सरकारी दवाखान्यातही होतात.

दादांबद्दल एक सुचवते. पुढच्या वेळी त्यांना पुण्याला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांशी तुम्ही बोलत असताना त्यांना ऐकू द्या. बोलायचं तुम्ही. दोघांना पटत असेल तर २०१७ च्या त्याच कायद्याप्रमाणे त्यांना तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी करा. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, आणि तो कागद तुम्हाला कधीही बदलता येतो. कधी तुमची तब्येत बिघडली आणि तुम्हाला नीट सांगता आलं नाही, तर तुमच्या इच्छेप्रमाणे बोलणारा माणूस म्हणून ते उभे राहतील. त्यांचा धसका कामी येईल अशी ही जागा आहे. हे बोलणं तुम्ही स्वतः काढलंत तर तुमच्या सहीबद्दल त्यांचं मतही बदलेल, असं मला वाटतं.

मधल्या काळात झोप उडाली, आवाज वाढले किंवा या निर्णयाने मन फारच सैरभैर झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तारीख येईपर्यंत ओलान्झापिन रोजच्या वेळेला चालू ठेवा. आणि चाचणीचे कागद परत मागितले तर द्या, पण आधी त्यांची झेरॉक्स काढून ठेवा.

तुमची,
ताई